नळीवाटे दिलेले अन्न

१. सलाईनवर असलेल्या माणसाच्या पोटाचे काय?

लातूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, जिथून कर्नाटकातील बीदर जिल्हा हाकेच्या अंतरावर आहे, त्या देवणी तालुक्यातला रुग्ण गंभीर झाला म्हणजे त्याला आधी गावातल्या दवाखान्यात, तेथून उदगीरला आणि तेथेही भागले नाही तर लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा एखाद्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नेण्याचा शिरस्ता आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. त्या विभागाच्या काचेच्या दाराबाहेर बसलेले नातेवाईक डॉक्टर बाहेर येताच प्रथम काय विचारतात, हे ज्याने ऐकले असेल त्याला ठाऊक आहे की तो प्रश्न फुप्फुसाचा नसतो, रक्तदाबाचाही नसतो. ‘साहेब, चार रोज झाले, पोटात अन्नाचा कण नाही; नुसत्या सलाईनवर माणूस किती दिवस काढील?’ असा तो प्रश्न असतो. आणि घाईत असलेला डॉक्टर ‘सलाईन चालू आहे, काळजी करू नका’ असे सांगून पुढे जातो, तेव्हा खरे पाहता प्रश्न विचारणारा अधिक शहाणा आणि उत्तर देणारा कमी शहाणा ठरतो.

आपल्याकडे सलाईन या वस्तूविषयी लोकांच्या मनात जी श्रद्धा आहे ती थोडी हिशेबाच्या कसोटीवर घासून पाहू. पाचशे मिलिलिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, अन्न शून्य. ज्या बाटलीवर ‘पाच टक्के डेक्स्ट्रोज’ असे लिहिलेले असते तिच्यात मात्र साखरेचा अंश असतो, पण तोही अवघा पंचवीस ग्रॅम. अन्नातून मिळणारी ऊर्जा कॅलरी या मापाने मोजतात, आणि उदार हाताने मोजली तरी या पंचवीस ग्रॅम साखरेची ऊर्जा शंभर कॅलरींच्या वर जात नाही, म्हणजे ज्वारीच्या मध्यम आकाराच्या अर्ध्या भाकरीइतकी. अंथरुणाला खिळलेल्या साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाकाठी सुमारे दीड हजार कॅलरी लागतात असे धरले, तर त्या भरून काढण्यासाठी अशा पंधरा बाटल्या, म्हणजे साडेसात लिटर पाणी त्याच्या शिरेत घालावे लागेल, आणि तसे केले तर भुकेने नव्हे पण फुप्फुसात पाणी साचून तो दगावेल. शिवाय त्या पंधरा बाटल्यांत प्रथिनाचा कणही असणार नाही. सलाईनचे काम शरीरातील पाणी, क्षार आणि रक्तदाब यांचा तोल सांभाळण्याचे आणि औषधे रक्तात पोचविण्याचे आहे. ते फार मोलाचे आहे, पण ते जेवण नाही.

२. निजून राहणाऱ्या देहाचा खर्च

यावर सुज्ञ वाचक विचारील, जो माणूस हलत नाही, ज्याच्या वतीने श्वासही यंत्र घेते, त्याला दीड हजार कॅलरी कशाला हव्यात?

उत्तरासाठी जुन्या दप्तरातला एक दाखला उपयोगी पडेल. १८७६ ते १८७८ या काळातील महादुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील दुष्काळी कामांची पाहणी करण्यास सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना धाडले, आणि त्यांनी खडी फोडणाऱ्या पुरुष मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढी खाली आणली. पौंडभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्याच्या कॅलरी होतात सुमारे पंधराशे. एवढ्यावर उन्हात राबणारा मजूर जगणार नाही, त्याला किमान दीड पौंड धान्य, शिवाय डाळ व भाजी हवी, असे मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी निक्षून सांगितले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. (देवणी त्या वेळी निजामाच्या मुलखात होती, त्यामुळे टेंपलसाहेबांचा हुकूम इकडे लागू नव्हता.) आता गंमत अशी की ज्या शिध्यावर मजुराची उपासमार होत होती, जवळजवळ तेवढाच शिधा अतिदक्षता विभागात निश्चल पडलेल्या रुग्णाला पुरता लागतो; यावरून देह नुसता जिवंत ठेवणे हेच केवढे खर्चाचे काम आहे ते ध्यानात यावे.

हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंडे यांना सुटी नसते. त्यात जंतुसंसर्ग, भाजणे, अपघात किंवा मोठी शस्त्रक्रिया यांपैकी काही ओढवले की शरीरात एक प्रकारची आणीबाणी पुकारली जाते, आणि या आणीबाणीत शरीराची वागणूक साध्या उपासाहून अगदी वेगळी असते. एकादशीला उपास करणारा निरोगी माणूस दोन-चार दिवस काहीच खाणार नाही असे ठरवील, तर त्याचे शरीर हळूहळू चरबी जाळू लागते आणि मांस राखून ठेवते. गंभीर रुग्णाच्या शरीराला हे तारतम्य राहत नाही; ते चरबी असतानाही स्नायू मोडून त्यांतील प्रथिनांची साखर बनवीत सुटते. लंडनमध्ये ६३ रुग्णांवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या एका प्रमुख स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे अठरा टक्क्यांनी घटलेले आढळले. ही झीज एकट्या मांडीपुरती नसते. छाती व पोट यांच्यामधला पडदा हाही स्नायूच आहे, आणि तो दुबळा झाला म्हणजे फुप्फुसाचा आजार बरा होऊनही रुग्ण कृत्रिम श्वासयंत्रावरून उतरत नाही.

म्हणून आहारशास्त्रज्ञ दोन हिशेब वेगवेगळे मांडतात. पहिला ऊर्जेचा: प्रकृती सावरू लागल्यावर दर किलो वजनामागे सुमारे पंचवीस कॅलरी. दुसरा प्रथिनांचा: दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅमच्या आसपास. साठ किलोच्या माणसाला दीड हजार कॅलरी आणि सुमारे बहात्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिने. ऊर्जेचा आकडा गाठणे सोपे असते, साखर आणि तेल कोणत्याही स्वयंपाकघरात आहे. घोडे अडते ते प्रथिनांपाशी, आणि ते कसे ते पुढे येईलच.

३. वाट कोणती?

तोंडाने गिळता येत असेल तर तोंडाइतकी उत्तम वाट दुसरी नाही, आणि ज्याला गिळता येते त्याच्या नाकात केवळ सोयीसाठी नळी घालणे हा आळशीपणा होय. परंतु बेशुद्ध माणूस, घशात श्वासाची नळी असलेला माणूस, अर्धांगवायूने गिळण्याची शक्ती गेलेला माणूस, किंवा पावसाळ्यात आमच्या शिवारात नेहमी आढळणारा, मण्यार चावून सर्व स्नायू लुळे पडलेला पण पोट धडधाकट असलेला शेतकरी यांनी काय करावे?

माणसाने यावर फार पूर्वीपासून डोके चालविले आहे. १७९० साली लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी गिळता न येणाऱ्या एका रुग्णासाठी देवमाशाच्या जबड्यातील बलीनच्या लवचीक काडीवर वाम माशाचे कातडे चढवून नळी बनविली आणि तिच्यातून फेटलेली अंडी, दूध व साखर थेट जठरात पोचविली. तो रुग्ण बरा झाला. दुसरी वाट गुदद्वाराची होती. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा त्या काळच्या नामांकित डॉक्टरांनी त्यांना कित्येक आठवडे मांसाचा अर्क, अंड्याचा बलक आणि व्हिस्की यांचे बस्ती दिले; परंतु मोठे आतडे पाणी आणि क्षार शोषून घेत असले तरी प्रथिने पचविण्याची सामग्री त्याच्यापाशी नाही, आणि अध्यक्षमहाशय दिवसेंदिवस वाळत गेले. राष्ट्राध्यक्षांनाही उपासमार घडविण्याची ही किमया वैद्यकाच्या इतिहासात अभिमानाने सांगण्याजोगी नाही.

आज आपल्या रुग्णालयांत जिला सर्रास ‘राईल्स ट्यूब’ म्हणतात ती नळी जॉन आल्फ्रेड राईल या इंग्रज वैद्याने १९२१ साली सुचविली, तीही खाऊ घालण्यासाठी नव्हे तर जठरातील रस काढून तपासण्यासाठी. सुमारे एकशे पाच सेंटिमीटर लांबीची, मोठ्या माणसासाठी पाच मिलिमीटरच्या आसपास जाडीची ही मऊ नळी नाकपुडीतून घशात, अन्ननलिकेतून खाली जठरात उतरविली जाते. तिची रोजची गाठ असूनही नातेवाइकांच्या मनात तिची धास्ती मोठी: ‘नाकात नळी पडली म्हणजे माणूस संपला’ असे बाहेरच्या बाकावर हमखास कोणीतरी म्हणतो. वस्तुतः ती नळी बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांची सोय असते, आणि रुग्ण गिळू लागला की मिनिटभरात निघते.

तिसरी वाट शिरेची. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या स्टॅन्ली डुड्रिक यांनी प्रथिनांचे घटक, साखर आणि क्षार यांचे दाट द्रावण छातीतील मोठ्या शिरेतून देऊन माणूस जगविता येतो हे दाखविले, आणि ज्यांचे आतडे कापले गेले आहे किंवा बंद पडले आहे त्यांना त्या शोधाने जीवदान मिळाले. पण आतडे चालू असताना ही महागडी वाट धरण्यात हशील नाही. तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका आहे, आणि दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे: आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी आपले पोषण पुष्कळसे आतून वाहणाऱ्या अन्नातूनच उचलतात, आणि अन्न यायचे थांबले की ते अस्तर झिजते व आतड्यातील जंतूंना अडविणारा बांध कच्चा होतो. म्हणून रुग्णाचा रक्तदाब सावरला की चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत नळीतून थोडे तरी अन्न सुरू करावे, असा आज जगभरचा प्रघात आहे. रक्तदाब टिकविण्यासाठी औषधांचे मोठे डोस चालू असतील तर मात्र थांबावे लागते. कारण त्या अवस्थेत आतड्यालाच रक्त अपुरे पडत असते, आणि त्याच्यावर पचनाचे काम लादले तर ते सडण्याची भीती असते.

४. जनावराचे नळकांडे

देवणी हे नाव महाराष्ट्राबाहेर पोचले ते येथील गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तिचे तीन रंगभेद, बैल कामाला आणि गाय दुधाला, अशी ही दुहेरी उपयोगाची जात; आणि तिला पाळणाऱ्या जुन्या शेतकऱ्याला नळीवाटे पाजण्याची विद्या अवगत असते, फक्त ती त्याने माणसावर वापरलेली नसते. आजारी बैलाला बांबूच्या नळकांड्यातून काढा पाजताना जाणता माणूस त्याची मान फार वर ताणत नाही, जीभ बाहेर ओढून धरीत नाही, कारण जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही; तो घोटाघोटाने ओततो आणि ठसका लागताच मान सोडून देतो. अडाणी माणूस एका दमात सारे नळकांडे रिचवितो, काढा श्वासनळीत उतरतो, आणि तिसऱ्या दिवशी जनावर धापा टाकू लागते. दोष काढ्याचा नसतो, वाटेचा असतो.

माणसाच्या घशातही अन्नाची आणि श्वासाची वाट एकाच चौकातून फुटते, आणि नळीचे सगळे भय या चौकात साठलेले आहे. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात उपोषण करणारे क्रांतिकारक जतीन दास यांना बळजबरीने नळीतून दूध पाजण्याचा प्रयत्न झाला, ते दूध फुप्फुसात गेले आणि त्यांची प्रकृती जी ढासळली ती सावरली नाही. उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबरला, त्यांचे देहावसान झाले. शुद्धीवर असलेला माणूस निदान झगडतो, खोकतो. बेशुद्ध रुग्णाची नळी चुकून श्वासनळीत गेली तरी तो खोकणारही नाही, आणि बैलाच्या बाबतीत जो ठसका शेतकऱ्याला सावध करतो तो येथे मिळतच नाही.

म्हणून नळी घालण्याआधी ती नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात, आणि तेवढ्या लांबीवर खूण करतात. घातल्यानंतर ती जठरातच आहे याची खातरजमा करण्याचा निर्णायक उपाय म्हणजे एक्स-रे. नळीवर क्ष-किरणांत दिसणारी रेघ त्याचसाठी असते. नळीतून ओढलेला द्राव आम्ल आहे की नाही हे कागदी पट्टीवर पाहणे हा दुसरा उपाय. त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, साडेपाच किंवा त्याखाली असेल तर नळी जठरात असल्याचा भरवसा वाटतो, मात्र आम्लपित्ताची औषधे चालू असतील तर ही पट्टी फसवू शकते. आपल्याकडे सर्रास चालणारा तिसरा उपाय, म्हणजे नळीत सिरिंजने हवा फुंकून पोटावर स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकण्याचा, तो मात्र विश्वासार्ह नाही. नळी अन्ननलिकेत अडलेली असली किंवा फुप्फुसात शिरलेली असली तरी तसा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. ही पद्धत पिढ्यानपिढ्या शिकविली गेली म्हणून ती सुटत नाही, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येईल.

यानंतरचा नियम इतका स्वस्त आहे की त्याची किंमत कोणाला वाटत नाही: अन्न चालू असताना रुग्णाचा कंबरेपासून वरचा भाग तीस ते पंचेचाळीस अंशांनी उचललेला असावा. डोक्याखाली दोन उशा सरकविल्याने हे साधत नाही, उलट मान वाकून पोट दबते. खाटेचाच वरचा भाग चढवावा लागतो. मायेपोटी ‘बिचारा अवघडला असेल’ म्हणून खाट सपाट करणारे नातेवाईक आणि चादर बदलण्यासाठी खाट उतरवून ती पुन्हा चढवायला विसरणारा सेवक, या दोघांच्या हातून जठरातले अन्न घशाकडे परत येण्याची वाट मोकळी होते.

५. किती, केव्हा आणि कशाचे?

आता वाचकाला वाटेल की दीड हजार कॅलरी हव्यात तर पहिल्या दिवशीच का देऊ नयेत? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि त्यांचे पूर्वीचे मत ‘लवकर द्या, पुरते द्या’ असेच होते. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एक हजार रुग्णांच्या चाचणीत पहिले सहा दिवस थोडे अन्न मिळालेले आणि पुरते अन्न मिळालेले रुग्ण यांच्या निकालात तफावत आढळली नाही. आणि २०२३ साली फ्रान्समधील तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, पहिल्या आठवड्यात दर किलोला केवळ सहा कॅलरी मिळालेल्यांचे मृत्यू वाढले तर नाहीतच, उलट ते अतिदक्षता विभागातून किंचित लवकर बाहेर पडण्याजोगे झाले. कारण पहिल्या दिवसांत शरीर आणीबाणीपोटी स्वतःच साखर बनवीत असते, ती बाहेरच्या अन्नाने थांबत नाही, आणि वरून ओतलेल्या अन्नाने रक्तातील साखर आणि यकृतावरील भार तेवढा वाढतो. तेव्हा ‘अजून थोडे जास्त द्या की, ताकद येईल’ असा आग्रह पहिल्या आठवड्यात धरणाऱ्या नातेवाइकाला नम्रपणे नाही म्हणावे लागते. पहिल्या दिवशी तासाला वीस-पंचवीस मिलिलिटर, सोसते असे दिसले की पुढे वाढवीत, आठवड्याच्या आतबाहेर पुरत्या मापापर्यंत, हा राजमार्ग होय.

अन्न कशाचे? येथे दोन पक्ष आहेत: डब्यातल्या पावडरीचे आणि घरच्या किंवा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या पातळ अन्नाचे. पावडरीचा गुण हा की ती सांगितल्या प्रमाणात कालविली की बहुधा एका मिलिलिटरला एक कॅलरी मिळते, जीवनसत्त्वे व क्षार ठरलेले असतात, आणि नळी तुंबत नाही. तिचा दोष किंमत. ज्या कुटुंबाने खाटेच्या भाड्यासाठी सोयाबीनची पट्टी उचलली आहे त्याला रोजचा डबा झेपत नाही, हे डॉक्टरने गृहीत धरले पाहिजे.

घरच्या अन्नाचा हिशेब करून पाहू. गाईचे दूध २५० मिलिलिटर, त्यात दोन चहाचे चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर आणि एक चमचा तेल: दुधाच्या १६५, साखरेच्या ४० आणि तेलाच्या सुमारे ४०, मिळून अडीचशेच्या जवळपास कॅलरी. असे दिवसातून सहा वेळा दिले की जवळजवळ दीड हजार कॅलरी झाल्या आणि घरचे निश्चिंत झाले. पण प्रथिने? दर वेळेस आठ ग्रॅम, दिवसाचे अठ्ठेचाळीस. गरज किमान बहात्तरांची. चोवीस ग्रॅमची तूट रोज स्नायूंतून भरली जाणार. आता साखर पुरती वगळून दिवसभराच्या दुधात सायविरहित दुधाची भुकटी सुमारे पासष्ट ग्रॅम मिसळली, तर कॅलरी तेवढ्याच राहतात आणि प्रथिने बहात्तरांच्या घरात जातात. हा हिशेब समजण्यासाठी आहे, औषधपत्र म्हणून नव्हे; एवढ्या दुधाने कित्येकांना जुलाब होतात, नुसत्या दुधात लोह आणि काही जीवनसत्त्वे पुरेशी नसतात, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचा हिशेब निराळा असतो. परंतु साखर ऊर्जा वाढविते, प्रथिने वाढवीत नाही, ही गोष्ट त्यातून स्पष्ट व्हावी. वरणाच्या गाळलेल्या पाण्याविषयी तर बोलायलाच नको: वाटीभर पाण्यात दहा ग्रॅम डाळ उतरली असे धरले तरी पस्तीस कॅलरी आणि दोन ग्रॅम प्रथिने. नारळपाणी पवित्र मानले जाते, पण त्यात ऊर्जा थोडी आणि पोटॅशियम पुष्कळ. मूत्रपिंडे बंद पडलेल्या माणसाला ते हृदय थांबविण्याइतके घातक ठरू शकते.

घरच्या अन्नाचा खरा शत्रू मराठवाड्याचा उन्हाळा आहे. सकाळी उदगीरहून एसटीने निघालेल्या डब्यातले दूध दुपारी नळीत घालणे म्हणजे जंतूंची पेरणी करणे होय. कालविलेली पावडर चार तासांच्या वर बाहेर ठेवू नये आणि स्वयंपाकघरातले अन्न दोन तासांच्या आत संपवावे. हात साबणाने धुवावेत. दर खेपेच्या आधी आणि नंतर तीस मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी नळीतून सोडावे. नळी तुंबते ती बहुधा अर्धवट कुटलेल्या गोळ्यांमुळे. कोणत्या गोळ्या कुटायच्या नाहीत हे विचारून घ्यावे, कारण ज्या गोळीचा अंश दिवसभर हळूहळू सुटावा अशी तिची बांधणी असते ती कुटली की दिवसाचा डोस एकदम अंगात जातो. आणि जुलाब लागले की अन्नच बंद करण्याची घाई करू नये. अपराधी पुष्कळदा प्रतिजैविक किंवा एखादे गोड पातळ औषध असते.

६. उपाशी माणसाला एकाएकी जेवू घालू नये

चरकसंहितेत शोधनकर्मानंतर अग्नी मंद झालेल्या माणसाला प्रथम पेया (पातळ पेज), मग विलेपी (दाट पेज), मग यूष (डाळीचे कढण) आणि शेवटी नेहमीचे अन्न असा चढता क्रम सांगितला आहे, त्याला संसर्जनक्रम म्हणतात. लंघनानंतरची ही सावधगिरी आपल्या घरांतही मुरलेली होती. आधुनिक वैद्यकाला तीच गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली: छळछावण्यांतून आणि जपानी कैदेतून सुटलेले हाडांचे सापळे सैनिकांचे पोटभर अन्न मिळताच, ज्या दिवसाची त्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली त्याच्या मागोमाग, सुजून, धापा टाकून दगावू लागले.

त्याचे कारण असे. अनेक दिवसांच्या उपासमारीत शरीरातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम या क्षारांचे साठे आतल्या आत रिते झालेले असतात, तरी रक्ताच्या तपासणीत त्यांचे आकडे बरे दिसतात. एकाएकी पिठूळ-गोड अन्न आले की इन्सुलिन उसळते, आणि साखरेबरोबर हे क्षारही रक्तातून पेशींत ओढून नेते. रक्तातील फॉस्फेट कोसळले की श्वासाचे स्नायू ढिले पडतात. पोटॅशियम कोसळले की हृदयाची लय बिघडते. आणि साखर वापरण्यासाठी लागणारे थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आधीच संपलेले असेल तर मेंदूला आणि हृदयाला इजा होते. हे सारे बहुधा अन्न सुरू केल्यापासूनच्या पहिल्या तीन-चार दिवसांत घडते, जेव्हा घरचे म्हणत असतात की आता कुठे पोटात चार घास जाऊ लागले.

असे रुग्ण आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. अन्ननलिकेच्या कर्करोगाने महिनाभर पाण्याखेरीज काही न उतरलेला, रोज दारू पिऊन जेवण टाळणारा, क्षयाने खंगलेला, मुले पुण्याला गेल्याने एकटी राहून चहावर दिवस काढणारी म्हातारी, हे सर्व त्या यादीत येतात. त्यांच्या बाबतीत पहिल्या दिवशी दर किलोला दहा कॅलरींच्या वर जाऊ नये. पंचेचाळीस किलोच्या म्हातारीला साडेचारशे कॅलरी, त्याही थायमिनचे इंजेक्शन दिल्यानंतर, आणि क्षारांची रोज तपासणी करीत चार ते सात दिवसांत पुरत्या मापावर. रुग्ण बेशुद्ध असेल तर तो आधी किती उपाशी होता हे कोण सांगणार? नातेवाइकाने. ‘आजारी पडण्याआधी किती दिवस हा नीट जेवला नव्हता?’ हा प्रश्न डॉक्टरने विचारला नाही, तर उत्तर आपण होऊन द्यावे.

७. नळी किती दिवस?

नाकातली नळी आठवड्यांसाठी असते. चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ तिची गरज भासेल असे दिसले तर पोटाच्या कातडीतून थेट जठरात छोटी नळी बसवितात. दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न फाडता ती बसविण्याची युक्ती १९७९ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे एका तान्ह्या मुलावर प्रथम वापरली गेली. तिने नाक, घसा मोकळे राहतात आणि गिळण्याचा सराव करता येतो.

पण ‘किती दिवस’ या प्रश्नाला आणखी एक अंग आहे, आणि त्याचा विचार महाराष्ट्राला अरुणा शानबाग यांच्या निमित्ताने करावा लागला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या निर्घृण अत्याचारानंतर त्यांची जाणीव परतली नाही. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर पुढच्या पिढीतील परिचारिकांनी, त्यांना कुस्करलेले अन्न तोंडाने भरविले; २०१०च्या आजारानंतर अन्न नळीने द्यावे लागले. अन्न बंद करू द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा ७ मार्च २०११च्या निकालात न्यायालयाने उपचार थांबविण्याची वाट तत्त्वतः, उच्च न्यायालयाच्या संमतीच्या अटीवर, मोकळी केली, परंतु अरुणा यांच्या बाबतीत त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाची इच्छा मानून याचिका फेटाळली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. चार दशकांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला गेला नाही, हे त्या परिचारिकांचे कर्तृत्व मला न्यायालयीन चर्चेइतकेच मोठे वाटते. २०१८ साली घटनापीठाने मरणासन्न अवस्थेतील उपचारांविषयी आधी इच्छापत्र लिहून ठेवण्याचा हक्कही मान्य केला.

रोजच्या व्यवहारातला प्रश्न याहून साधा असतो. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात जेवणे सोडलेल्या वृद्धाला नळी घातल्याने आयुष्य वाढते असा पुरावा नाही. न्यूमोनियाही टळत नाही, आणि रुग्णाने नळी उपसू नये म्हणून त्याचे हात मात्र बांधावे लागतात. अशा वेळी जेवढे घेईल तेवढे मऊ अन्न चमच्याने भरविणे हेच योग्य, आणि त्यात कर्तव्यच्युती नाही. तेहतीस वर्षांच्या, डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या मुलाची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या नळीसाठी महिनोन्महिने कष्ट घ्यावेत, कारण तो उठून बसण्याची आशा खरी असते.

नळीसह रुग्णाला देवणीला परत नेण्याची वेळ येईल तेव्हा नातेवाइकांपैकी एकाने, शक्यतो जी घरात राहणार आहे तिने, परिचारिकेच्या देखत स्वतःच्या हाताने दोन-तीन वेळा अन्न देऊन दाखवावे, नळीवर नाकपुडीपाशी असलेला आकडा लिहून घ्यावा, आणि दर खेपेस तो तेवढाच आहे हे पाहूनच सिरिंज जोडावी. आकडा बदलला किंवा नळी निघाली तर ती घरी परत ढकलू नये, काही पाजू नये आणि रुग्णाला सरळ ग्रामीण रुग्णालयात न्यावे. तो इन्सुलिनवर असेल तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. एका रात्रीच्या उपासाने बहुतेक रुग्णांचे फारसे बिघडत नाही. फुप्फुसात गेलेल्या एका वाटी दुधाने बिघडते.